सात नंबरची बरणी

६ ऑक्टोबर

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पाकीट फोडलंस, त्याबद्दल आधी आभार मानते आणि मग आशीर्वाद देते. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा खांदा कुरकुरतो, पण घरात कुरकुरणारा तेवढा खांदाच, माणूस नेहमीसारखा मुका. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. तुझ्या लेकीला मुलगी झाल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. तक्रार नाही. मी तुझ्या जागी असते, तर मुलगी शाळेत जायला लागल्यावर कळवलं असतं.

पत्राचं कारण असं, की परवा मेहुण्यांचा फोन आला होता. तू घरात नसशील, नाहीतर त्यांची एवढी छाती झाली नसती. तुम्ही कपडे धुवायचं मशीन घेताय, तर आमचं कुठलं, कसं चालतं, वीज-पाणी खरंच वाचतं का, असं विचारत होते. बाळाचं आणि आपल्या आईचं मिळून धुणं फार होतं म्हणाले. आई दिवसातून तीनदा आंघोळ करते आणि तीनदा कपडे बदलते, हेही म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, की आईने अजून पणतीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. दारातून बघते आणि वळते. मी विचारलं, "हात दुखतात का तिचे?" त्यावर ते एवढंच म्हणाले, "मशीनचं तेवढं कळवा."

म्हणून मशीनचं कळवते.

आमचं मशीन समोरून उघडणारं आहे. आणलं तेव्हा त्याच्या कपाळावर चांदण्यांची चिठ्ठी होती. कमी वीज, कमी पाणी, हुशार मुलासारखे सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी. त्याच्या बटणांमध्ये एक पान काढलेलं बटण आहे. ते दाबलं की काटकसर सुरू. माझा स्वभाव तुला माहीत आहे. जगातलं सगळं पाणी मी एकटीच वाचवतेय अशा थाटात मी ते पान दाबायचे. मग मशीन तीन तास चाळीस मिनिटं धूत बसतं. तीन तास चाळीस मिनिटं! तेवढ्या वेळात आपल्या आईने दोन घरांचं धुणं हाताने धुऊन, वाळत घालून, वर शेजारणीशी एक भांडण उरकलं असतं.

आणि धुतं तरी काय? काचेतून बघशील तर पाणी दिसतच नाही. कपडे नुसते ओले होतात आणि एकमेकांवर लोळतात. पाणी कोमट, तेही नावाला. शेवटी मशीन एक धून वाजवतं, जणू मोठा पराक्रम केलाय. मी सकाळी कामावर निघताना बटण दाबायचे. धून वाजायची तेव्हा घरात एकटी आई असायची, आणि आईला मशीनला हात लावायची मनाई होती. एकदा तिने धुणं चालू असताना दार ओढलं आणि त्याची कडी तुटली, तेव्हापासून. मनाई अर्थात मीच केली होती. त्यामुळे मी संध्याकाळी येईपर्यंत कपडे त्या बंद पोटात ओलेच पडून असायचे.

त्यात माझा हात सढळ. आमच्या कारखान्यात दर महिन्याला आम्हाला सॉफ्टनरच्या बाटल्या मिळतात. बाटलीवर लिहिलंय अर्धं झाकण. एकतीस वर्षं त्याच कारखान्यात वास तपासणाऱ्या बाईने अर्ध्या झाकणावर कसं भागवायचं? मी दोन झाकणं ओतायचे.

अशाने कपड्यांना वास धरतो, बारके. कपडे कोरडे असताना फारसा नाही. अंगाची ऊब लागली, घाम आला, हवा ओलसर झाली, की तो वर येतो. कुबट, ओशट, जुन्या अंथरुणासारखा. आणि रोज त्यातच वावरणाऱ्याला तो हळूहळू येईनासा होतो. माझ्यासारख्या नाकवालीलासुद्धा.

गेल्या आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं. खाली बसला, दाराचं जाड रबर दोन बोटांनी उलटं केलं आणि मला म्हणाला, "या, बघा." आत काळा चिकट थर होता. त्यात केस, एक बटण आणि ह्यांचा हरवलेला मोजा. मग त्याने मागचं झाकण काढून ड्रम बाहेर ओढला. त्याच्या पाठीवर राखाडी लगदा बसला होता, बोटभर जाड.

"मशीन बिघडलंय का?" मी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे, बाई. तुम्ही त्याला खायला फार घातलंत. त्या निळ्या औषधाने कपडे मऊ होतात, तशी बुरशीपण मऊ मऊ वाढते. आणि तिला मारायला गरम पाणी कधी दाखवलंच नाहीत."

"पण मी तर काटकसरीचं बटण..."

"काटकसर करा की. पण महिन्यातून एकदा रिकामं मशीन उकळत्या पाण्यावर चालवा, धुणं झालं की लगेच बाहेर काढा, आणि दार उघडं ठेवा. त्यालापण श्वास घेऊ द्या." मग त्याने नाक वर करून घरभर नजर फिरवली आणि सहज म्हणाला, "बरीच वर्षं असणार हा वास. कुणी बोललं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, नाही.

तर मेहुण्यांना सांग, मशीन जरूर घ्या, पण तो मेकॅनिक म्हणाला तसं वागा. बाळाच्या कपड्यांना सॉफ्टनर अजिबात नको.

आईला सांग, की... नको. काही सांगू नकोस. तिच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तुझं उत्तर आलं. मोजून चार ओळी, पण आल्या. "आईचे हात दुखत नाहीत. ती म्हणते, बाळाला माझा वास लागेल. मशीनचं ह्यांनी विचारलं होतं, मी नाही. मला एकच विचारायचंय, तुला नक्की काय सांगायचंय?"

मागच्या पत्रात चार पानं खरडून मी जे सांगितलं नाही, ते तू एका ओळीत विचारलंस. लहानपणीही तू अशीच होतीस. मी गोष्ट फिरवून फिरवून सांगायचे आणि तू म्हणायचीस, "म्हणजे फुलदाणी तूच फोडलीस ना?"

हो. मीच.

आईला वास येत नव्हता. माझ्या मशीनला येत होता. मला जे सांगायचंय ते एवढंच. पण एवढ्यावर सुटका करून घेतली तर तू मला ओळखणार नाहीस, म्हणून पुढचंही लिहिते.

आधी तिच्या चादरीला आला. मी नाक लावलं आणि निदान करून टाकलं. ऐंशीच्या पुढचं वय, ताबा सुटत असणार. हे म्हणाले, "मला तर आईंचा काही वास येत नाही." मी म्हटलं, "तुमच्या तोंडावर आहे ते नाक नाही, चष्म्याची खुंटी आहे." ते गप्प बसले. आमच्या घरात वासाचा निकाल मीच द्यायचा, हे लग्नापासून ठरलेलं. दूध नासलंय का, गॅस गळतोय का, पाहुण्यांनी सिगरेट ओढलीय का, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. त्याचा मला तोरा होता. आहे. होता.

मग मी आईचे कपडे वेगळे केले. आमचं धुणं आधी, तिचं शेवटी. आमचे कपडे गॅलरीत उन्हात वाळायचे, तिचे मागच्या खोलीत, खिडकी बंद करून, म्हणजे शेजारच्यांना वास जायला नको. आता तूच सांग, त्या कपड्यांचं काय झालं असेल? मी जेवढी काळजी घेतली तेवढा वास वाढला. आणि जेवढा वाढला तेवढी मी बरोबर ठरले.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तुझ्या लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदाच माझ्याकडे जेवायला आले होते. आई नवा गाऊन घालून, केस नीट बांधून बाहेर आली आणि गादीच्या खुर्चीवर टेकणार तेवढ्यात मी म्हटलं, "आई, तिथे नको. तुझ्यासाठी ती प्लास्टिकची ठेवलीय." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी व्याह्यांकडे वळून खुलासा केला. "वयामुळे होतं हल्ली. वास राहतो."

आई कुठल्याच खुर्चीवर बसली नाही. आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिली. ताटं उचलली जायच्या आत तू तिची बॅग भरली होतीस. जाताना तू मला म्हणालीस, "तुझं नाक सांभाळ, ताई. आईला मी सांभाळते." तेव्हा मला तुझा राग आला होता. आज ते वाक्य मला पाठ आहे.

आठवड्याने मी फोन केला आणि तुला म्हटलं, "आता घर मोकळं वाटतं. वास गेला बघ." खरंच गेला असं मला वाटत होतं. तिची जाड धुणी गेली होती, बंद खोली उघडली होती, जो उरला तो माझ्या नाकाच्या अंगवळणी पडला होता. तुझा फोन स्पीकरवर होता आणि आई समोर मटार सोलत बसली होती, हे मला मेहुण्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. तू सांगितलं नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानू की नको, मला समजत नाही.

आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

ऑगस्टमध्ये कारखान्यात एक चाचणी निघाली. आम्हा बाराजणांना एकेक कोरा पांढरा टॉवेल दिला. घरी न्या, महिनाभर वापरा, नेहमी धुता तसा धुवा, परत आणा. आणल्यावर टॉवेलांचे तुकडे कापून झाकणाच्या बरण्यांत घातले, वर फक्त नंबर. एका वासानंतर दुसरा घ्यायच्या आधी आम्ही आपल्याच कोटाच्या बाहीचा वास घेतो, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. पण माझा कोट धुतला जायचा माझ्या घरी. माझं कोरेपणच इतके दिवस कुबट होतं. त्या दिवशी मात्र सगळ्यांना कारखान्यात धुतलेले नवे कोट दिले होते.

सात नंबरची बरणी उघडली आणि मी मान मागे घेतली. असा वास मी ओळखते, मला वाटलं. कागदावर लिहिलं, "वृद्ध व्यक्ती. अंथरुणाला खिळलेली असावी. लघवीचा अंश. ह्या घरात तिच्याकडे लक्ष देणारं कोणी नाही." शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. आम्हाला वास लिहायला सांगतात, घराचं वर्णन नाही. पण मला त्या न पाहिलेल्या घराचा फार संताप आला होता.

आमच्या प्रमुख बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांनी शेरे मोठ्याने वाचले आणि मग नावांची यादी उघडली. सात नंबर मी होते. तो टॉवेल आईने पाहिलासुद्धा नव्हता, बारके. ती तुझ्याकडे येऊन तोवर दहा महिने होत आले होते.

सगळे खाली बघायला लागले. बाई हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी कुणी आजारी आहे का?"

आणि मी म्हटलं, "हो. आई असते."

हे मी कालपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. पुरावा माझ्या हातात होता, माझ्याच अक्षरातला, आणि तरी माझी लाज झाकायला मी पुन्हा तिलाच पुढे केलं. बाई मायेने म्हणाल्या, "कठीण असतं हो." सगळ्यांनी मान हलवली. त्या दिवशी डबा खाताना दोघी-तिघींनी मला आपल्यातलं थोडं थोडं वाढलं, आणि मी ते खाल्लं.

मेकॅनिकला बोलावलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. मधले तीन आठवडे मी काय करत होते? काही नाही. रोज पान दाबत होते.

काल मी बाईंकडे जाऊन खरं सांगितलं. त्या ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "मग आता आईंना कोण सांगणार?" मला वाटलं होतं त्या मला चाचणीतून काढतील. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

ह्या पाकिटात दुसरं एक बंद पाकीट असेल. ते आईचं आहे. तू वाचू नकोस. तिने कुणाकडून वाचून घेतलं तर तिची मर्जी, सगळ्यांसमोर वाचून घेतलं तरी माझी ना नाही. मी तिला सगळ्यांसमोरच बोलले होते.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुझं माझ्यावर रागावणं बरोबर होतं आणि अजून आहे.

तुझी,
फुलदाणी फोडणारी


२० ऑक्टोबर

आई,

मोठ्या अक्षरात लिहितेय, म्हणजे तुला भिंग लागायला नको. नमस्कार नेहमीसारखा वरच्या ओळीत लिहिणार होते, पण आधी दुसरं एक वाक्य लिहायचं आहे.

तुला वास येत नाही. कधीच येत नव्हता.

हे वाक्य पुन्हा वाच. मी तोंडाने इतक्यांदा उलट बोलले आहे, की एकदा वाचून तुझा विश्वास बसणार नाही. वास माझ्या मशीनमध्ये होता. रबराखाली, ड्रमच्या पाठीला, बुरशीचा बोटभर थर. मेकॅनिकने खरवडून काढला तेव्हा बादलीत पडताना मी बघितला. तुझ्या चादरींना, तुझ्या गाऊनना, तुझ्या त्या करड्या स्वेटरला तो मीच लावत होते, दर आठवड्याला, पान दाबून. तुझ्याकडून तिथे काही गेलं नव्हतं.

तू मला सांगितलं होतंस. स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, मी मशीनमधून कपडे काढत होते. म्हणालीस, "मोठे, मला वाटतं मशीनलाच वास येतोय गं." मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. "यंत्राला कसला वास, आई? वास माणसाला येतो." तू नुसती जाऊन बसलीस.

मग तू पहाटे उठून न्हाणीघरात हाताने कपडे धुवायला लागलीस. चोरून. नळ बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. मला एकदा तुझा गाऊन न्हाणीघराच्या खिडकीच्या गजावर वाळत घातलेला सापडला आणि मी घर डोक्यावर घेतलं. एवढं महागाचं मशीन कशाला आणलंय, पाणी किती वाया जातं, पडलीस म्हणजे कोण निस्तरणार. ओरडत ओरडत मी तो गाऊन ओढून काढला आणि घडी घातली. आई, त्या गाऊनला उन्हाचा वास येत होता. नुसता उन्हाचा. मला तो आला होता. मी तो आल्याचं स्वतःलाही कळू दिलं नाही.

आता जे लिहायचं ते बारकीलाही लिहिलं नाही.

मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट मी तुझ्या उशीवर ठेवून गेले होते. बोलले नाही. तूही विचारलं नाहीस. संध्याकाळी बघितलं तर पाकीट कपाटात नीट लावलेलं होतं आणि वरचा एक कमी झाला होता. तू वापरायला लागलीस. मी म्हटलं म्हणून. काही गरज नसताना. सहा महिने.

कचऱ्याची पिशवी रोज मीच बांधायचे. दुसऱ्या आठवड्यातच मला दिसलं, की ते कोरडे होते. तू ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून टाकायचीस, आणि ते कोरडे असायचे. एक दिवस नाही, रोज. पहिल्यांदा मला वाटलं, बदलायची घाई करते. मग मी बघायचंच सोडलं. पिशवीचं तोंड न बघता गाठ मारायला शिकले.

का, असं तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. एक तर माझं नाक. ते चुकलं असं कबूल केलं, तर माझ्याजवळ उरतंच काय, असं वाटायचं. पण तेवढंच असतं तर बरं होतं. खरं म्हणजे मी दमले होते, आई. कामावरून यावं तर तुझं जेवण, तुझ्या गोळ्या, तुझं तेच तेच बोलणं. तुला कुणीतरी न्यावं असं मला मनातून वाटत होतं आणि ते म्हणायची लाज वाटत होती. दमले म्हणून सांगितलं असतं तर बारकी हसत येऊन घेऊन गेली असती. मला ते नको होतं. दोष माझा नसलेलं कारण मला हवं होतं. वासाने ते मला दिलं.

तू मला नऊ महिने पोटात ठेवलंस, माझे लंगोट धुतलेस, असलं काही मी इथे लिहिणार नाही. ते लिहून माझ्याच डोळ्यांत पाणी येईल आणि मला वाटेल की झालं, फिटलं.

बारकी म्हणते, तू बाळाला घेत नाहीस. बाळाला तुझा वास लागेल म्हणतेस. हे वाक्य वाचल्यापासून मला धड बसवत नाही. तू घातलेली भीती असती तर तू काढली असतीस. ही मी घातली आहे आणि ती काढायला इथे लांब बसून माझ्याकडे कागदापलीकडे काही नाही. म्हणून विनवते, आई. तीनदा आंघोळ करू नकोस. तुझी कातडी कागदासारखी झालीय, फाटेल. दारात उभी राहू नकोस. आत जा.

येत्या रविवारी व्याही बाळाला बघायला येणार आहेत, असं मेहुण्यांकडून कळलं. मीही येतेय. सकाळची गाडी धरून अकरापर्यंत पोचेन. ज्यांच्यासमोर मी तुला खुर्चीवर बसू दिलं नाही, त्यांच्यासमोर उभी राहून मी खोटं बोलले होते असं सांगणार आहे. तू तेव्हा आतल्या खोलीत बसलीस तरी चालेल, मी मोठ्याने सांगेन. आणि मला दारातच परत पाठवावंसं वाटलं तर बारकीला तसं सांगून ठेव, मी दारातच बोलून परत जाईन. ह्यांनीही यायचं म्हटलंय. त्यांना तुझी माफी मागायची आहे, गप्प बसल्याबद्दल.

पण बाळाला रविवारपर्यंत थांबवू नकोस. माझ्या येण्याचा, माझ्या बोलण्याचा, तू मला क्षमा करण्या न करण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. माझं तोंड तुला बघवलं नाही तरी तिला घे. आजच घे. हे पत्र वाचून झालं की कागद बाजूला ठेव, बारकीला हाक मार आणि म्हण, आण तिला इकडे. तुझ्या खांद्यावर तिचं डोकं ठेव. ती तुझ्या मानेत नाक खुपसेल, लहान मुलं खुपसतातच. खुपसू दे. तिला जो वास येईल तो तिच्या पणजीचा असेल, आणि तो तिला माहीत व्हायला हवा.

तुझ्या शेजारी बसू देशील का, एवढंच विचारणारी,
तुझी थोरली